लग्नाच्या कितीतरी आधी

बहरीनमध्ये १९९८-९९ च्या शैक्षणिक वर्षात माध्यमिक शाळांतल्या अकरावीच्या मुलामुलींचं रक्त तपासलं गेलं. ५,६८५ विद्यार्थी. आधी व्याख्यान, हातात माहितीपुस्तिका, मग सुई, आणि पुढे प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं कार्ड. निकाल असा निघाला: शंभरातल्या १.२ जणांना सिकलसेलचा आजार, १३.८ जण वाहक, म्हणजे स्वतः धडधाकट पण सदोष जनुकाची एक प्रत बाळगणारे, आणि सुमारे २३ जणांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता.

या उपक्रमात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मुलांचं वय. सोळा-सतराव्या वर्षी कुणाची बैठक झालेली नसते, सुपारी फुटलेली नसते, कार्यालय ठरलेलं नसतं. रक्ताचा अहवाल तेव्हा त्या मुलाचा किंवा मुलीचा एकट्याचा असतो. तोच साखरपुड्यानंतर हाती आला की दोन घराण्यांचा होतो, त्यात मानपान शिरतो, आणि बहुतेक वेळा तो कपाटात जाऊन पडतो. आजाराची जोखीम मोजण्याची साधनं आपण भरपूर तयार केली. ती माणसाला आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर सांगायची, याचा विचार त्या मानाने फार थोडा झाला. तो विचार करणाऱ्यांत हे छोटं बेट आहे, आणि त्याचा अनुभव विदर्भाला थेट लागू पडतो.

सिकलसेल म्हणजे काय हे गडचिरोली-चंद्रपूरच्या वाचकाला सांगायला नको. पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगावं लागतं, आणि हेच आपल्या आरोग्यव्यवस्थेचं एक जुनं दुखणं आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीतला एक घटक बदललेला असतो, एवढाच दोष. पण प्राणवायू कमी झाला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठर होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग हाडं आणि सांधे ठणकतात; लहान बाळाचे हातपाय सुजतात. वाकड्या पेशी लवकर मरत असल्याने रक्त सतत कमी राहतं. जंतूंशी लढणारी पाणथरी कोवळ्या वयातच निकामी होऊ लागते, आणि साधा न्यूमोनिया जिवावर बेततो. हे सगळं आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच. एकाकडूनच आली तर मूल वाहक होतं, आणि त्याला मलेरियापासून थोडं संरक्षणही मिळतं. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे दाखवून दिलं.

बहरीन वाळवंटी असलं तरी त्याच्या उत्तर किनाऱ्यावर गोड्या पाण्याचे झरे आणि खजुराच्या बागा होत्या. पाणी तिथे डास, डास तिथे मलेरिया. समोरच्या सौदी किनाऱ्यावर कतीफ आणि अल-अहसाच्या हिरवळीतही हाच प्रकार. इकडे गडचिरोलीचं जंगल, मेळघाट, सातपुड्याच्या रांगा. जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला होता, तिथे हे जनुक टिकलं. त्याहून विलक्षण गोष्ट म्हणजे पूर्व अरबस्तान आणि भारत इथल्या सिकलसेल जनुकाच्या आजूबाजूचा आनुवंशिक नकाशा एकच निघाला. कुलोझिक आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये हे मांडलं, आणि त्या नमुन्याला आज अरब-भारतीय नमुना म्हणतात. हा दोष आशियात स्वतंत्रपणे उद्भवला की आफ्रिकेतल्या एकाच मुळातून पसरला, यावर वाद आहे. २०१८ मधल्या एका मोठ्या विश्लेषणाने एकाच उगमाच्या बाजूने कौल दिला. पण बहरीन म्हणजे प्राचीन दिलमुन, आणि सिंधू संस्कृतीशी त्याचा व्यापार होता, हे पुरातत्त्वाने सिद्ध केलेलं आहे. अगदी अलीकडेपर्यंत बहरीनचे मोती मुंबईच्या बाजारात येत आणि तिथल्या व्यवहारात १९६५ पर्यंत रुपया चाले. बहरीनच्या मनामातल्या एखाद्या बाळाचं आणि गडचिरोलीच्या कोरचीतल्या एखाद्या बाळाचं दुखणं एकाच घराण्याचं आहे, असं म्हणायला जागा आहे.

बहरीनचा सुरुवातीचा आकडा १९८४-८५ चा आहे. तेव्हा शंभर नवजातांमागे २.१ बाळांना आजार आणि सुमारे १८ वाहक असं आढळलं होतं. तिथल्या रुग्णालयांत जन्मलेल्या बाळांवर १९९२ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ सौदी मेडिसिन’मध्ये छापून आलेल्या एका शोधनिबंधाच्या लेखकांत मोहम्मद आणि अल-हिल्ली यांच्यासोबत नाडकर्णी, भागवत आणि बापट ही आडनावं आहेत. आखातात गेलेल्या आपल्या माणसांच्या गोष्टी आपण पैशांच्या आणि विरहाच्या अंगाने सांगतो. एका देशाच्या आरोग्य-इतिहासाच्या पायाभरणीत या नावांचा हात लागला आहे, हेही त्या गोष्टींत यायला हवं.

आता या आकड्यांकडे जरा बारकाईने पाहू. शंभरात १८ वाहक असतील आणि लग्नं निव्वळ योगायोगाने जुळत असतील, तर दोघंही वाहक असलेली जोडपी शंभरात तीनच्या आसपास येतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता चारात एक. म्हणजे शंभर बाळांमागे एकाहूनही कमी. स्वतः आजार असलेल्यांची लग्नं धरली तरी एक-सव्वा. प्रत्यक्षात दोन होती. उरलेला फरक बराचसा लग्नाच्या चालीरीतींनी घातलेला असणार: त्याच गावात, त्याच बिरादरीत, चुलत्याच्या घरात सोयरीक. आपल्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत आहेच, आणि जातीबाहेर न जाण्याची पद्धत तर सर्वत्र आहे. जनुकाचं गणित समाजाच्या गणितात गुंतलेलं असतं ते असं.

दुसरीकडे, नवजातांमधला २.१ हा आकडा आणि अकरावीतला १.२ हा आकडा सरळ तोलता येत नाहीत. एक रुग्णालयातल्या जन्मांचा, दुसरा शाळेपर्यंत पोचलेल्यांचा. आजारी मूल अकरावीच्या बाकापर्यंत पोचतंच असं नाही. ते मध्ये कुठे गळलं, हे शाळेत केलेली मोजणी कधीच सांगत नाही. सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनात मला सर्वांत अस्वस्थ करणारी जागा हीच वाटते. जे मोजायला हाती लागतात त्यांचेच आकडे होतात.

तरीही पुढची घट खरी आणि मोठी आहे. सल्मानिया वैद्यकीय संकुलातल्या जनुकशास्त्र विभागाच्या डॉ. शेखा अल-अर्रायद यांनी हे काम १९८० च्या दशकापासून लावून धरलं. १९९३ पासून आरोग्य केंद्रांत लग्नाआधीचा सल्ला मिळू लागला, मग शाळांतली तपासणी आली. आजारी नवजातांचं प्रमाण २००२ मध्ये शंभरात ०.९ वर आलं आणि २०१० मध्ये ०.४ वर. लग्नाआधी तपासणी सक्तीची करणारा कायदा बहरीनने २००४ मध्ये केला. त्यातही तपासणी आणि सल्ला सक्तीचा आहे, लग्नाला मनाई नाही.

तारखांचा क्रम पाहा. प्रमाण निम्म्याहून खाली आलं ते कायद्याच्या आधी. सगळं श्रेय कार्डाला देता येणार नाही. याच काळात शिक्षण वाढलं आणि सख्ख्या चुलत-मावस भावंडांमधली लग्नंही पुष्कळ घटली. पण कायद्याआधीच्या या घटीचं श्रेय सक्तीला देता येत नाही, एवढं नक्की. शेजारच्या सौदी अरेबियाचा अनुभव याला जोड देतो. तिथे २००४ पासून तपासणी सक्तीची झाली. पहिल्या वर्षी धोका असल्याचं कळलेल्या जोडप्यांपैकी जेमतेम नऊ टक्क्यांनी लग्न मोडलं, कारण अहवाल आला तेव्हा सगळं ठरून गेलेलं होतं. २००९ पर्यंत अशी निम्मी जोडपी लग्न मोडू लागली. मधल्या काळात जनुक बदललं नाही, कायदाही तोच होता. लोकांना त्या कागदाचा अर्थ कळायला आणि तो वेळेत मागायची सवय लागायला तेवढी वर्षं लागली.

‘चारात एक’ समजावून सांगणं तर फारच कठीण. पहिलं मूल आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली निपजतील, असं मानणारी कुटुंबं विदर्भात आहेत आणि बहरीनमध्येही असणार. प्रत्येक वेळी शक्यता नव्याने तेवढीच असते, हे शाळेतल्या फळ्यावर नाणं उडवून दाखवता येतं. दवाखान्याच्या रांगेत, पोटाशी बाळ असलेल्या बाईला दोन मिनिटांत ते कसं सांगणार?

कार्डाची दुसरी बाजूही आहे, आणि ती लपवून चालणार नाही. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस या गावात १९७० च्या दशकात सिकलसेलची तपासणी झाली, सल्ला दिला गेला. परिणामी वाहकांवरच शिक्का बसला, आणि काहींनी सोयरीक जुळवताना आपली माहिती दडवली. आपल्याकडे तर या आजाराला आधीच जातीचं आणि जमातीचं लेबल लागलेलं आहे. आदिवासींचा रोग, अमुक वस्तीतला रोग, असं सहज बोललं जातं. त्यात मुलीचं कार्ड आणि मुलाचं कार्ड यांना सारखी वागणूक मिळत नाही. दोघंही वाहक असले तरी दोष तिच्या रक्तात असतो. ज्या शाळेत तपासणी करायची, तिथे निकाल बंद पाकिटात आणि एकांतात देण्याची सोय नसेल, तर तपासणी थांबवलेली बरी.

महाराष्ट्रात या कामाला आयुष्य देणारी माणसं होती. पुण्याचे डॉ. सुदाम काटे आदिवासी भागांत वर्षानुवर्षं तपासण्या करत फिरले; नागपूरच्या संपत रामटेके यांनी रुग्णांच्या पालकांना संघटित केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांना १९८० च्या दशकात सिकलसेल सापडला तेव्हा एक वेगळाच धडा मिळाला. डॉ. बंग यांनी पुढे तो अनेकदा सांगितला आहे: संशोधकाला मोठा वाटलेला हा प्रश्न लोकांनी मागितलेलाच नव्हता. त्यांना मुलांचे ताप, बाळंतपणं आणि दारू यांची चिंता होती. मला यात विरोध दिसत नाही. तापाने आणि न्यूमोनियाने दगावलेल्या बाळांमध्ये सिकलसेलची बाळंही असणार, फक्त त्यांना ते नाव मिळालं नव्हतं.

केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल इथे सुरू झालं. चाळिशीच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी, आणि २०४७ पर्यंत निर्मूलन. एवढ्या मोठ्या प्रमाणावर या आजाराची दखल घेतली गेली, हे चांगलंच झालं. पण बहरीनची बरोबरी करताना भूगोल विसरू नये. ते बेट आठशे चौरस किलोमीटरचंही नाही. एकटा गडचिरोली जिल्हा त्याच्या अठरापट पसरलेला आहे. सल्मानियाला कुठूनही तासाभरात पोचता येतं. भामरागडहून नागपूरला निघालेल्या आईचा दिवस प्रवासातच जातो, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तोही मार्ग बंद.

माझा खरा आक्षेप मात्र लक्ष्यावर आहे. आजारी बाळं किती कमी जन्मली, हेच यश मानलं की जन्मलेलं प्रत्येक आजारी बाळ कार्यक्रमाचं अपयश ठरतं, आणि अपयशाकडे कुणी फार वेळ पाहत नाही. खरं तर याच बाळांसाठी काय करायचं, हे जगाला चाळीस वर्षं माहीत आहे. अमेरिकेतल्या एका चाचणीत रोज पेनिसिलिन घेणाऱ्या लहानग्यांमध्ये न्यूमोकोकसचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. निकाल इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. तो निबंध १९८६ मध्ये छापून आला, आणि नवजात तपासणीचा आग्रह तिथून वाढला. जमैकात डॉ. ग्रॅहॅम सर्जंट यांच्या पथकाने आयांना बाळाची पाणथरी चाचपायला शिकवलं. बाळ फिकट पडलं आणि डाव्या बरगडीखाली हाताला गाठ मोठी लागली, की लगेच दवाखाना गाठायचा. पाणथरीत रक्त साचून होणारे मृत्यू त्यामुळे झपाट्याने घटले. त्याला यंत्र लागलं नाही; शिकवणारं माणूस आणि रक्त चढवता येईल असा जवळचा दवाखाना लागला. गावोगावच्या आशाताईंना हे शिकवता येणार नाही असं मला मुळीच वाटत नाही.

अरब-भारतीय नमुन्याचा आजार सौम्य असतो, असा एक समज डॉक्टरांमध्येही रुजला होता. जन्मावेळचं हिमोग्लोबिन या रुग्णांत जास्त टिकतं, म्हणून त्याला थोडा आधारही आहे. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून दाखवलं की मध्य भारतात तीव्र आजार असलेली बाळं पुष्कळ आहेत. हायड्रॉक्सीयुरियाच्या कमी मात्रेनेही त्यांच्या वेदनेचे झटके घटतात, हेही त्यांच्या चाचणीत दिसलं. हे औषध जुनं आणि स्वस्त आहे. त्यासोबत अधूनमधून रक्तपेशींची तपासणी करावी लागते, आणि ग्रामीण भागात घोडं नेमकं तिथेच अडतं.

डिसेंबर २०२३ मध्ये बहरीनने सिकलसेलवरच्या जनुक-संपादन उपचाराला, कॅसजेव्हीला, मान्यता दिली. ब्रिटननंतर अशी मान्यता देणारा तो जगातला दुसरा देश. अमेरिकेत या उपचाराची किंमत बावीस लाख डॉलर लावली गेली. ज्या देशाने शाळेतल्या कार्डापासून सुरुवात केली तो या टप्प्यावर पोचला, याचा आनंद आहे. आपल्याला आज त्या रांगेत उभं राहण्याची घाई नको. प्राथमिक आरोग्य केंद्रात पेनिसिलिन आणि हायड्रॉक्सीयुरिया बाराही महिने मिळावं, नवजात तपासणीचा निकाल बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत आईच्या हाती पडावा, आणि आश्रमशाळांत अकरावीच्या आधी समुपदेशक पोचावा, एवढं झालं तरी पुष्कळ. शिवाय अभियानाच्या आकडेवारीत किती कोटी तपासण्या झाल्या याच्या शेजारी आणखी एक रकाना हवा: ज्या बाळांना आजार निघाला, त्यांतली किती आज पाच वर्षांची आहेत आणि किती शाळेत जातात.