आबा, बट्टी करायला विसरलात का?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. पृथ्वी, वारा, अजगर, मधमाशी... आणि त्यातच एक लहान मूल. नाथमहाराजांची टीका याच स्कंधावर आहे. मी पडलो बँकेतला कारकून, तेव्हा कुवतीइतकंच बोलतो.

अवधूत सांगतात, त्यांना मान नाही, अपमान नाही, घरादाराची काळजी नाही. ते बाळासारखे हिंडतात. हे मी कितीदा वाचलं आणि मान डोलावली. पण घरात काय?

उन्हाळ्यात पाच वर्षांच्या नातीनं जुना अल्बम काढला. "आबा, हे कोण?" म्हटलं, माझे दादा. "मग आपल्याकडे का येत नाहीत?" काय सांगणार! पुतणीच्या लग्नपत्रिकेत माझं नाव राहिलं, त्याला सात वर्षं झाली. छपाईतली चूक असेलही. मी विचारलंच नाही. नात म्हणाली, "म्हणजे कट्टी. पण मग बट्टी करायला विसरलात का?"

तिला ते विसरणंच वाटलं. तिची सकाळी शेजारच्या मुलाशी कट्टी होते आणि दुपारी त्याच्याच डब्यातला लाडू खाते. आम्ही मात्र जुनी बाकी पुढच्या पानावर ओढणारे. नोकरीची सवय म्हणा, नाहीतर स्वभाव.

अवधूत आणखी एक सूक्ष्म गोष्ट सांगतात. निश्चिंत दोघंच: एक अजाण बालक आणि दुसरा गुणांपलीकडे गेलेला. म्हणजे मूल ज्ञानी आहे असं नव्हे. त्याला हे ओझं उचलताच येत नाही. आपण ते हौसेनं उचलून वर्षानुवर्षं वागवलं, आता कळूनसवरून खाली ठेवायचंय. तिथंच घोडं अडतं. माझं तर सात वर्षं अडलं.

अनसूयामातेची परीक्षा घ्यायला तिन्ही देव आले, आणि मातेनं त्यांची बाळं केली. कुठला मान अन् कुठलं पद! मार्गशीर्ष पौर्णिमेला सूर्यास्ताला आपण पाळण्याची दोरी ओढतो. त्या दोरीला आधी हात कुणाचा, यावरूनही आपल्यात रुसवे होतात, ते असो.

परवा गुरुवारी सकाळी दादाला फोन लावला. वहिनींनी उचलला. "हे पोथी वाचताहेत, अध्याय संपला की देते," म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण फोन ठेवू नका हं, भावोजी."