न दिसणाऱ्या शेजाऱ्याशी सौजन्य

जो आपल्याला दिसत नाही, जो बहुधा कधी भेटणारही नाही, आणि ज्याच्याशी आपला संबंध केवळ खेळापुरता आहे, त्याच्याशी सौजन्याने वागण्यास आपण बांधलेले आहोत काय? प्रश्न लहान दिसतो. पण तो अंतःकरणाची पारख करणारा आहे.

एक उदाहरण घेऊ. संगणकावर विमान चालविण्याची हौस असलेले पुष्कळ लोक जगभर आहेत. ‘व्हॅटसिम’ या संस्थेच्या द्वारे २००१ सालापासून ते इंटरनेटवर एकत्र येतात. कोणी आपल्या घरी बसून वैमानिक होतो. कोणी दुसऱ्या देशात आपल्या घरी बसून नियंत्रक होतो. नियंत्रकाच्या पडद्यावर विमाने ठिपक्यांसारखी सरकतात, आणि कोणी किती उंचीवर यावे, कोणीकडे वळावे, हे तो बोलून सांगतो. त्यासाठी त्याला शिकावे लागते, परीक्षा द्यावी लागते. वेतन मात्र कोणालाच नाही.

येथे खऱ्या विमानतळाचीच रीत पाळतात. नियंत्रकाची सूचना वैमानिकाने पुन्हा म्हणून दाखवायची आणि नियंत्रकाने ती लक्षपूर्वक ऐकायची. खऱ्या आकाशात या रीतीचे मोल फार मोठे आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्यू पावली. संदिग्ध शब्द, आणि दोघे एकाच वेळी बोलल्यामुळे नीट ऐकू न गेलेले बोलणे, ही त्या अनर्थाच्या कारणांपैकी होती.

घरच्या खेळात कोणी मरत नाही. मग एखाद्या नवशिक्याने तीनदा चूक केली आणि मागे आठ विमाने खोळंबली असताना नियंत्रकाने त्याला सर्वांच्या कानांदेखत फटकारले, तर काय बिघडले? मुरलेल्या वैमानिकाने नव्या नियंत्रकाची टर उडविली, तर काय झाले? खेळच तो, असे कोणी म्हणेल.

परंतु विमान खोटे असले, तरी माणूस खोटा नाही. त्याची लाज खरी, त्याचा हिरमोड खरा. परस्परांशी सौजन्याने वागावे, असा त्या संस्थेचाही नियम आहे. पण आवाजातील तुच्छता नियमाने जात नाही. खऱ्या आकाशात अपघाताचे, नोकरीचे भय माणसाला संयम शिकविते. खेळात ते भय उरत नाही. म्हणून आपले सौजन्य भयातून आले होते की प्रीतीतून, हे तेथेच उघड होते.

मग चूक चालवून घ्यावी काय? मुळीच नाही. चुकीची उंची ऐकूनही भिडेपोटी गप्प राहणारा नियंत्रक सौजन्यशील नव्हे, तो कर्तव्यात उणा पडला. चांगला नियंत्रक एवढेच म्हणतो की सांगितलेले बरोबर नाही, आणि योग्य आकडा पुन्हा शांतपणे सांगतो. तो शब्द दुरुस्त करतो, माणसाचा न्याय करीत नाही. प्रीतीने सत्य बोलावे (इफिस. ४:१५) ते असेच. आणि ऐकलेले पुन्हा म्हणून दाखविणे, हेही एक सौजन्यच आहे. तुझे म्हणणे माझ्यापर्यंत पोहोचले, असे त्यात सांगणे असते. ऐकण्यास तत्पर व बोलण्यास धीमे असावे, हा याकोबाचा बोध (१:१९) येथे रोजच्या रीतीत उतरला आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, पाठांतराचे वचन चुकणाऱ्या मुलाला आपण काय दुरुस्त करतो, वचन की मूल? वर्गात आपल्याला जाब विचारणारा कोणी नसतो, आणि मूल उलट बोलू शकत नाही. मंडळीच्या सभेत तोलून मापून बोलणारी आपली जीभ तेथे कशी चालते, हे प्रभु ऐकतो. जेथे कोणाचे भय नाही, तेथील आपला शब्दच आपल्याविषयी खरी साक्ष देतो.