वडिलांच्या हातचे जेवण

वडिलांनी केलेला स्वयंपाक मुलांच्या आठवणीत बहुधा कारणासकट राहतो. आई तापाने पडली होती, बाळंतपणासाठी माहेरी गेली होती, बाजूला बसली होती. नाहीतर रविवार होता आणि घरात मटण आले होते. आईच्या स्वयंपाकाला असे कारण लागत नाही. तो रोज होतो, आणि रोजच्या गोष्टीतला एखादा दिवस वेगळा काढून सांगणे अवघड जाते. प्रेम दोन्हीकडे असते. तरी कष्टांची दखल कशी घेतली जाते, ते या आठवणींत फार स्पष्ट दिसते.

दिल्लीतल्या मराठी कुटुंबांत ही कारणे अधिक वेळा आली. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या नोकरीसाठी आलेले कारकून, स्टेनो, हिशेबनीस आधी करोल बाग आणि पहाडगंजच्या भाड्याच्या खोल्यांत, मग सरोजिनी नगर, नेताजी नगर, लोधी कॉलनी, रामकृष्ण पुरम अशा ठिकाणच्या सरकारी क्वार्टरांत राहिले. गावच्या घरी आजी, काकू, आत्या असत. एकीचे अडले की चूल दुसरीच्या हाती जाई आणि पुरुषाला पाट मांडून बसण्यापलीकडे काही करावे लागत नसे. दोन खोल्यांच्या क्वार्टरात दुसरी बाई नव्हतीच. पाळीच्या दिवसांत बाईने स्वयंपाकघरात जायचे नाही, ही रूढी ज्यांनी दिल्लीपर्यंत पाळली, त्यांच्या घरी दर महिन्याला तीन-चार दिवस स्वयंपाक वडिलांकडे येई. आई बाहेरच्या खोलीतून सांगे, मीठ किती, हिंग कधी. वडील तसे करत. मुलांच्या लक्षात राहिली ती भाताची चव आणि वडिलांची धांदल. आई तिथे का बसली आहे, हे कोणी विचारले नाही. बाईला कमी लेखणाऱ्या रूढीने काही पुरुषांना भात लावायला शिकवले, हे मान्य करताना अवघड वाटते, पण घडले ते असेच.

पुष्कळांना थोडेफार येत होते तेही गरजेपोटी. लग्नाआधी एका खोलीत तिघे-चौघे राहायचे, पंपाचा स्टोव्ह, रॉकेलचा वास, ऑफिसची वेळ. अशा ठिकाणी पक्वान्ने शिकता येत नाहीत. पिठले, मऊ भात, मुगाची खिचडी, कांदा-बटाट्याचा रस्सा, फार तर काकडीची कोशिंबीर, एवढीच या स्वयंपाकाची यादी. गोडा मसाला आणि आमसुले गावाहून ट्रंकेतून येत, पंजाब मेलने किंवा पुढे झेलम एक्स्प्रेसने. बाकी दिल्लीचे. थंडीत मटार स्वस्त झाले की वडिलांची मटारची उसळ, मेथी आली की मेथीचे पिठले. घरोघरच्या मुलांना हे पदार्थ आईच्या हातच्यांपेक्षा चांगले वाटत, याचे कारण सुगरणपणात शोधायला नको. पोळ्या वेड्यावाकड्या होत, तिखट जास्त पडे. हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन संशोधिकेने 1933 मध्ये दाखवून दिले, की सारख्या गोष्टींच्या रांगेतली वेगळी गोष्ट माणसाला अधिक लक्षात राहते. शिवाय वासाची वार्ता मेंदूतल्या भावना आणि स्मृतीच्या केंद्रांकडे इतर संवेदनांपेक्षा जवळच्या वाटेने पोचते. करपलेल्या लसणाची एक संध्याकाळ पन्नास वर्षे टिकते ती त्यामुळे.

या स्वयंपाकाचा एक मोठा भाग मात्र कोणत्याच मुलाच्या आठवणीत नाही. मे महिन्यात शाळांना सुटी लागली की आई मुलांना घेऊन महाराष्ट्रात जाई आणि वडील दिल्लीच्या उन्हाळ्यात एकटे राहत. ऑफिसातून येऊन ते स्वतःपुरती खिचडी टाकत, उरलेली सकाळी खात. त्याचे कौतुक करायला घरात कोणी नव्हते. रोज, एकट्याने, कौतुकाविना शिजवणे म्हणजे काय, हे त्यांना त्या दीड-दोन महिन्यांत कळत असे. जूनअखेर कुटुंब परतले की ते ज्ञान बाजूला पडे. ते बाजूला पडू दिले ही त्या पिढीची चूक होती.

पुरुषाने घरी शिजवणे मराठी मुलखाच्या जुन्या कथांना परके नाही. महाभारताच्या वनपर्वात नळ राजा बाहुक या नावाने, रूप पालटून, विदर्भात कुंडिनपुरास येतो. त्याची राणी दमयंती दासीकरवी त्याने शिजवलेले मांस मागवते, चाखते आणि नवऱ्याला ओळखते. ती चव तिने पूर्वी अनेकदा घेतलेली असते. मग ती दोन्ही मुलांना त्याच्याकडे पाठवते आणि त्यांना पोटाशी धरून तो रडतो. राजाच्या हातची चव राणीला पाठ होती, याचा अर्थ तो एखाद्याच सणाला शिजवत नव्हता. पुढच्या काळात घराचा स्वयंपाक बाईच्या नावावर लागला आणि मोलाचा, लग्नकार्यातला स्वयंपाक आचाऱ्याच्या. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या 1910 च्या पाककृतींच्या ग्रंथाचे नावच ‘गृहिणीमित्र’ आहे. तो कोणासाठी आहे, हे वेगळे सांगावे लागत नव्हते.

रविवारच्या मटणाकडे म्हणून जरा नीट पाहिले पाहिजे. वडील आयएनए मार्केटातून मटण आणतात, फोडणी देतात, पातेल्यावर पाण्याचे ताट ठेवून रटरट शिजवतात, पहिली वाटी मुलांना देतात. त्यातली माया खरी असते आणि तिला उणे लेखण्याचे कारण नाही. पण आदल्या रात्री खोबरे कोणी भाजले, वाटण कोणी केले, भाकऱ्या कोणी थापल्या, तेलकट पातेली कोणी घासली, हे त्या आठवणीत येत नाही. अर्धे काम दुसऱ्याने केले असेल, तर कौतुकही अर्धे त्याच्याकडे जायला हवे. मोठेपणी आठवणी सांगणाऱ्या मुलांना एवढा न्याय करणे सहज शक्य आहे.

आकडे याच बाजूने बोलतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरील 81.2 टक्के स्त्रिया घरातले बिनमोलाचे काम करताना आढळल्या, पुरुष 26.1 टक्के. हे काम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे जात, पुरुषाचे 97. पुढच्याच वर्षी कोविडची टाळेबंदी आली. दिल्लीजवळ सोनीपतच्या अशोका विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञ अश्विनी देशपांडे यांना एप्रिल 2020 मध्ये पुरुषांचा घरकामातला वेळ वाढलेला दिसला आणि ऑगस्टपर्यंत तो पुन्हा उतरलेला दिसला. काम येत नव्हते असे नाही. ऑफिस सुरू होताच ते सोडून देता आले. 2024 च्या पाहणीत स्त्रियांची मिनिटे 289 होती आणि पुरुषांची 88.

सरोजिनी नगर आणि नेताजी नगरचे अनेक जुने क्वार्टर पुनर्विकासात पाडले गेले. ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी, एकट्याने काढलेल्या त्या उन्हाळ्यांत ते काय शिजवत होते, हे त्यांना आताच विचारून घ्यावे. आणि जे आज वडील आहेत त्यांच्यासाठी काम समोरच आहे. दिल्ली, नोएडा, गुरुग्रामच्या अनेक शाळांच्या बस सकाळी सातच्या आत येतात आणि त्याआधी पोळी-भाजीचा डबा भरावा लागतो. रविवारी ज्यांना मटण जमते त्यांना हेही जमेल. सोमवारपासून तो डबा त्यांनी आपल्याकडे घ्यावा.