आरव्हीसाठी ईएमएसच घे

चि. अनिकेत,


आरव्ही घेतलीत, मुलांना घेऊन यलोस्टोनला निघताय, वाचून फार आनंद झाला. साधा सर्ज प्रोटेक्टर पुरेल का, असं विचारलंयस. नाही पुरणार. ईएमएस, म्हणजे इलेक्ट्रिकल मॅनेजमेंट सिस्टीम घे, पैसे जास्त पडले तरी.

साधा प्रोटेक्टर क्षणभर उसळलेलं व्होल्टेज झेलतो, एवढंच. खोक्यावरचा ज्यूलचा आकडा त्याचाच. पण खरा धोका आभाळातल्या विजेपेक्षा कॅम्पग्राउंडच्या विजेच्या खांबात जास्त असतो. भर उन्हाळ्यात दुपारी सगळ्यांचे एसी सुरू झाले की 120 व्होल्टचे 100 होतात. तुम्हाला आत पत्ताही लागत नाही, पण कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो आणि त्याचं वाइंडिंग तापत जातं. तिथे ज्यूल काय करणार?

तुमची गाडी 50 अँपची, चार पिनांच्या प्लगची. त्यात 120 व्होल्टच्या दोन लाइनी आणि दोन्हींना मिळून एक न्यूट्रल. खांबात हा न्यूट्रल सुटला, तर दोन लाइनींमधले 240 व्होल्ट लोडप्रमाणे विभागले जातात. एसी चालू असलेल्या लाइनीवर 60 उरतात आणि जिच्यावर नुसता टीव्ही आहे तिच्यावर 180 चढतात. टीव्ही तर जातोच, साधा प्रोटेक्टरही त्याच्याबरोबर जळतो.

ईएमएस आधी खांब तपासतो, मगच वीज आत सोडतो. साधारण 104 च्या खाली किंवा 132 च्या वर गेलं की तोडतो. वीज परत आली तरी कॉम्प्रेसरसाठी दोनेक मिनिटं थांबतो. अर्थिंग तुटलेलं असेल तरी चांगला ईएमएस वीज सोडत नाही, आणि मला याचंच सगळ्यात महत्त्व वाटतं. अर्थिंग नसताना गाडीत कुठे गळती असली तर अख्खी बॉडी जिवंत होते. पोरं ओल्या गवतावर अनवाणी उभी राहून दाराची मूठ धरतात रे.

गाडीत पक्का बसवायचा की खांबाला लावायचा, हे तुझ्या सोयीने ठरव. मी पक्का बसवेन. चोरीची भीती नाही, लावायचा विसर नाही. मात्र यूएल 1449 हे सुरक्षा मानक छापलेलं बघूनच घे.

प्लग लावताना खांबावरचा ब्रेकर आधी बंद कर. एरर कोड आला तर बायपास करू नकोस, ऑफिसात सांगून जागा बदलून घे. वादळ डोक्यावर आलं तर प्लगच काढ, थेट वीज पडली तर कुठलंच यंत्र तग धरत नाही.

मॉडेल ठरलं की फोटो पाठव, मी बघतो.

तुझा,
मोहनकाका