कोंबड्या मेल्या म्हणून मरीआईला घरात बोलावू नका



आज मी तुमच्याशी निब्बाणाविषयी बोलणार नाही. कोंबड्यांविषयी बोलणार आहे. हसू नका.

गेल्या उन्हाळ्यात एका खेड्यात वंदनेसाठी गेलो होतो. ज्या घरी उतरलो, त्या घरात सकाळपासून चूल पेटली नव्हती. चार वर्षांपूर्वी दीक्षा घेतलेले कुटुंब. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर. पण आठ दिवसांत त्यांच्या अकरा कोंबड्या मेल्या होत्या. म्हातारी आजी कोपऱ्यातून म्हणत होती, "देव नदीत सोडले तवाच म्या बोलले हुते. मरीआईनं दाखवलंच." सून रडत होती, कारण शेजारणीने तिला पांढऱ्या पायाची म्हटले होते. मुलगा मान खाली घालून बसला होता. खुराड्यात एकच कोंबडा उरला होता. तो मरीआईला कापावयाचा की नाही, एवढाच प्रश्न त्या घरापुढे होता.

ज्यांच्या परसात कोंबड्या आहेत त्यांना अकरा कोंबड्यांचा अर्थ सांगावयास नको. पोराची वही, म्हातारीचे औषध, पाहुण्याचा पाहुणचार, सारे त्यातूनच निघते. बाईच्या हातात जो काही पैसा राहतो तो हाच. तेव्हा त्या माउलीच्या रडण्याला मी अज्ञान म्हणणार नाही.

मी आजीला विचारले, "आजी, देव घरात होते तेव्हा कोंबड्या मरत नव्हत्या का?" ती बराच वेळ विचार करीत राहिली. मग म्हणाली, "मरत हुत्या की. समदं गाव साफ व्हायचं." मी विचारले, "मग तेव्हा मरीआई कोणावर कोपली होती? आणि यंदा पलीकडच्या आळीत, जिथे तिचे ठाणे आहे, तिथल्या कोंबड्या का मेल्या?" आजी काही बोलली नाही.

बंधूंनो, आधी एक गोष्ट समजून घ्या. मरण हे कोंबडीच्या आयुष्यातले नवल नव्हे. नीट सांभाळलेली देशी कोंबडी पाच ते आठ वर्षे जगते, एखादी त्याहूनही अधिक. सहाव्या महिन्याच्या आसपास तलंग अंडी घालू लागते. पहिली दोन वर्षे भराची, पुढे अंडी कमी होत जातात. पण परसातल्या किती कोंबड्या म्हाताऱ्या होतात? फार थोड्या. खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसते, दहा पिल्ले घेऊन उठते, आणि दोन महिन्यांनी तिच्यामागे चार-पाचच दिसतात. हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात सर्वांत जास्त पिल्ले दगावतात. अंगावर पुरी पिसे नसतात, म्हणून ऊब टिकत नाही. एका पावसाच्या रात्रीत दोन जातात. दिवसा घार आणि कावळा, रात्री मांजर आणि मुंगूस. जमीन ओली राहिली की रक्ती हगवण लागते. म्हणून अधूनमधून एखादे मेले तर त्यात कोणाचा कोप नाही आणि कोणाचा पायगुणही नाही. कोरडी जागा, रात्री घट्ट बंद होणारे खुराडे आणि पहिले काही आठवडे डालग्याखाली ऊब, एवढ्याने यातली बरीच वाचतात.

परंतु आठ दिवसांत अकरा, हे निराळे. सुनेने लक्षणे सांगितली: हिरवी पातळ हगवण, तोंड वासून श्वास घेणे, मान पिळवटणे. ही मानमोडी, म्हणजे राणीखेत. कुमाऊँमधील राणीखेत गावावरून हे नाव पडले. हा विषाणूचा रोग आहे. लस न टोचलेल्या कळपात शिरला तर जवळजवळ सर्व कोंबड्या नेतो. त्यावर औषध नाही, लस आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, आणि आठ आठवड्यांनंतर पंखाखाली टोचणी. लस थंड ठेवावी लागते, आणि रोग आल्यावर तिचा उपयोग होत नाही. कोंबड्यांच्या तुऱ्यावर फोड येतात त्यालाही आपण देवीच म्हणतो. तो रोग डास पसरवितात. माणसांतली देवी लसीने गेली. १९८० साली जगातून ती नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. त्यासाठी कोणाला बोकड द्यावा लागला नाही.

मुलाने हळूच विचारले, "भन्ते नाहीत, म्हणून तुम्हालाच विचारतो. हे आमच्या मागच्या कर्माचे फळ तर नव्हे?" मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना हेच विचारले होते: जे काही सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्मानेच होते काय? तथागतांनी नाही म्हटले. पित्त, कफ, वात, ऋतूचा पालट, हयगय, आघात अशी निरनिराळी कारणे त्यांनी सांगितली. सर्व काही कर्मावर ढकलणारा मनुष्य कारण शोधावयाचे सोडून देतो. मग खुराडे ओलेच राहते.

राहिला तो कोंबडा. कूटदंत ब्राह्मणाने यज्ञासाठी शेकडो बैल, बोकड, मेंढे बांधून ठेवले होते. तथागतांचा उपदेश ऐकून त्याने ते सोडून दिले. बाबासाहेबांनीही गरजेपोटी होणारी हिंसा आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. देवीच्या भीतीने कोंबडा कापण्यात गरज कोणती?

आणखी एक, जरा कडू. कोंबड्या मरू लागताच उरलेल्या घाईने बाजारात विकण्याची आपल्याकडे रीत आहे. मीही लहानपणी आईबरोबर अशा कोंबड्या घेऊन बाजारात बसलो आहे. त्या पाटीतून रोग दुसऱ्या गावी जातो, दुसऱ्या माउलीच्या परसात. सम्यक आजीविका म्हणतो ती इथेच मोडते. मेलेल्या कोंबड्या उघड्या हातांनी उचलू नका, ओढ्यात टाकू नका. खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. एकदम पुष्कळ मेल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून ही गोष्ट केवळ आपल्या घरापुरती राहिलेली नाही. विकत आणलेली नवी कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा.

त्या घरी कोंबडा कापला गेला नाही. लसीची अडचण मात्र वेगळीच निघाली. एका कुपीत शंभर पक्ष्यांपुरती लस असते, आणि ती एकदा कालवली की दोन-एक तासांत संपवावी लागते. एका घराला ती परवडत नाही. आळीच्या आळी जमवावी लागते, बौद्ध असो वा नसो. सून सातवी शिकलेली आहे. पुढची पिल्ले निघाली तेव्हा वही घेऊन घरोघर कोंबड्या मोजावयास तीच गेली. पहिले घर त्या शेजारणीचे होते. तिथे सतरा निघाल्या.