निवडक आणि वगळलेलं

'आधीचं बरं होतं' हे वाक्य मी आजवर किती वेळा उच्चारलं असेल याचा हिशेब नाही. दाढीच्या पात्यांबद्दल उच्चारलं, वांग्यांबद्दल उच्चारलं, एकदा तर स्वतःच्या बायकोसमोर तिच्या स्वयंपाकाबद्दलही उच्चारलं. (त्याचा पुढचा वृत्तांत इथे देण्यासारखा नाही.) तेव्हा या वाक्यावर अधिकार आपलाच, अशी माझी समजूत होती. ती गेल्या हिवाळ्यात गोसीखुर्दला मोडली, आणि तीही चिरंजीवांनी मोडली.

भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात वैनगंगेवर हे गोसीखुर्दचं धरण आहे. राजीव गांधींच्या हस्ते १९८८ साली पायाभरणी झाली. तेहतीस दरवाजे, आणि त्यांच्यामागे नजर पोचेल तिथपर्यंत पाणी. त्या पाण्याखाली माझी सासुरवाडी आहे. म्हणजे माणसं नव्या गावठाणात सुखरूप आहेत. पण ज्या ओसरीत मला पहिल्यांदा मुलगी दाखवली ती ओसरी पाण्यात आहे. दरवर्षी आम्ही तिकडे जातो, धरण पाहतो, पाण्याकडे तोंड करून चिवडा खातो आणि परततो.

या खेपेला चिरंजीव आणि सूनबाई पुण्याहून आले होते. काकाजी, म्हणजे माझे चुलतसासरे, होतेच. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी दंडारीत ढोलकी वाजवायचे. चिवड्याची पुडी सुटली तसा चिरंजीवांनी पिशवीतून डबीएवढा स्पीकर काढला आणि एक विलायती गाणं लावलं. गाणं कसलं, त्यात गाणारा कोणी नव्हताच. ढोलावर लाटा यावेत तसे संथ ठोके, आणि वर एक गिटार, काही घाई नसल्यासारखी.

"गानारा कुठी गेला, बाप्पा?" काकाजींनी विचारलं.

चिरंजीव खुलले. म्हणाले, "आबाजी, हे फ्लीटवुड मॅक. हे 'अल्बाट्रॉस', १९६८ चं. बँड काढला पीटर ग्रीननं, पण नाव दिलं ढोलवाल्याचं आणि बेसवाल्याचं. १९७० मध्ये तो सोडून गेला. १९७१ मध्ये त्याच्या काळातल्या निवडक गाण्यांची तबकडी निघाली, तीच खरी. पुढचं सगळं गोडगोड."

"म्हणजे आधीचं बरं होतं," मी म्हणालो.

"अगदी!"

तीस वर्षांचा मुलगा, जन्माच्या वीस-पंचवीस वर्षं आधीच्या गोष्टीबद्दल 'आधीचं बरं होतं' म्हणत होता! मी निदान मी पाहिलेल्या वांग्यांबद्दल तरी बोलतो.

सूनबाई गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, १९७७ ची 'रूमर्स' ही त्याच बँडची तबकडी जगात कोट्यवधी खपली, ती काय उगाच? पीटर ग्रीनचं 'ब्लॅक मॅजिक वुमन' तरी लोकांना माहीत झालं ते १९७० मध्ये सांतानानं वाजवलं तेव्हाच ना? यावर चिरंजीव म्हणाले की खपावर चांगलंवाईट ठरत नाही. सौभाग्यवती म्हणाल्या, "मग कशावर ठरतं? तुझ्यावर?"

मला बिनाका गीतमाला आठवली. बुधवारची रात्र, रेडिओ सिलोनची खरखर आणि अमीन सयानींचा आवाज. रेकॉर्डचा खप आणि श्रोता संघांची पसंती यांवरून गाण्यांच्या पायऱ्या ठरायच्या. आमचाही एक श्रोता संघ होता. सभासद दोन, मी आणि शेजारचा एक मुलगा. दोघांचं कधी जमलं नाही म्हणून आमचं पत्र कधी गेलंच नाही. पण आपलं आवडतं गाणं यादीत नाही म्हटल्यावर जो संताप यायचा, तो पुढे पगारवाढ नाकारल्यावरसुद्धा आला नाही. वरच्या पायरीवरचं गाणं कोणतं होतं ते आज आठवत नाही. जे नव्हतं ते पाठ आहे.

काकाजी इतका वेळ ऐकत होते. म्हणाले, "हे निवडलं कोनं?"

"कंपनीनं, आबाजी."

"अन् सोडलं का का?"

चिरंजीवांना उत्तर देता येईना. मलाही मधे पडावंसं वाटेना, कारण यादीचा धंदा मी स्वतः केलेला आहे. ज्या कचेरीत मी कारकून होतो तिचं नाव सांगत नाही; पेन्शन तिथूनच येतं. बुडणाऱ्या गावांच्या याद्या आमच्याकडे टंकलेखनाला यायच्या. घर, गोठा, विहीर, झाडं असे रकाने. बसेल ते लिहायचं, बसणार नाही ते गेलं. सासुरवाडीची यादीही माझ्याच यंत्रावरून गेली. स्पेलिंगची एक चूक नव्हती, मला त्याचा अभिमान होता. दिवाळीनंतर रात्रभर जिथे दंडार चालायची त्या जागेला रकाना नव्हता. मी तिथे जावई म्हणून चार रात्री जागलो होतो, पुढच्या बाजेवर बसून. पण रकाना नाही म्हटल्यावर माझ्या मनातही ती आली नाही. यात माझं चुकलं का? कायद्यानं नाही. आजवर कोणी विचारलंही नाही.

"तुमी टाइप केलं व्हतं ना जी, जवाईबापू?" काकाजी म्हणाले. रागानं नव्हे, मला चिवडा पुढे करत. "बाकी समदं बराबर होतं."

एवढ्यानं माझा घास अडकला. सौभाग्यवतींनी पाणी दिलं आणि बराच वेळ त्या माझ्याकडे पाहत होत्या.

चिरंजीवांना यातलं काही कळलं नाही. ते तिसऱ्याच उत्साहात. "आबाजी, तुम्ही दंडारीतलं एक म्हणा. मी रेकॉर्ड करतो. सगळ्यात चांगलं ते म्हणा."

फोन पुढे झाला. काकाजींनी घसा साफ केला, गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला. ठेका बदलला. पुन्हा बदलला. ओठ हलायचे आणि थांबायचे.

"एकच का?"

"सध्या एकच. सगळ्यात चांगलं."

काकाजींनी गुडघ्यावरचा हात काढून घेतला. "मंग राहू दे, बाप्पा," ते म्हणाले. "तुवा तो बिनगान्याचाच लाव."

आणि चिरंजीवांनी तो पुन्हा लावला.