इच्छापूर्तीनंतर
माझदा या जपानी कंपनीने १९८९ साली आणलेल्या एमएक्स-५ या दोन आसनांच्या, टप दुमडणाऱ्या स्पोर्ट्‌स मोटारी २०१६ पर्यंत दहा लक्ष झाल्या. तरुणपणी मनात भरलेली अशी एखादी मोटार कोणी गृहस्थ संसाराची कर्तव्ये आटोपून पन्नाशीत घेतो, तीही वापरलेली. आता तो तृप्त झाला काय? पहिल्या धन्यानेही ती अशाच ओढीने घेतली असेल. तरी ती विकलीच ना! वस्तू हाती येताच हुरहूर शमते. समाधान तेवढ्याने येत नाही. जो टपाची गळती, तळाचा गंज नित्य निगुतीने पाहतो, त्याचाच लोभ वस्तू झिजली तरी टिकतो. वाचकहो, मिळविणे एका दिवसाचे, सांभाळणे रोजचे, आनंदही सांभाळणाऱ्याचाच.